त्र्याहत्तर मेंढ्यांतली एक

जळबा भगताने मरण्यापूर्वी कळपातली एक मेंढी निवडली आणि ती कोणती, हे फक्त रत्नपाल सरांना सांगितले. हट्टा गावाजवळच्या त्या मेंढपाळ घराण्यात वारस असाच ठरे. ज्याच्या अंगात खरोखर देव येई, तो नेमक्या त्याच मेंढीवर हात ठेवी, बाकीचे ढोंगी. वारस बाईही असू शके. एकदा ठरल्यावर मात्र जन्मभर कळप सोडायचा नाही, आणि बाई असेल तर लग्नही करायचे नाही.

गुपित सांभाळणारा माणूस देव न मानणारा हवा, म्हणून जळबाने गावच्या शाळेतले हे विज्ञानशिक्षक निवडले होते. सरांना प्रथेपेक्षा तिची रचना आवडली. त्यांनी मेंढीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे शेवटचे चार अंक, ४४१७, पाठ केले. कुठे लिहिले नाहीत. परीक्षेच्या दिवशी नजरेतून काही फुटू नये म्हणून ते कळपाकडे पाठ करून उभे राहिले.

घराण्यातला प्रभू पहिला; तो घुमत घुमत कळपात शिरला आणि त्याने एका मेंढीवर हात ठेवला. जळबाचा मुलगा मल्हारी याने बिल्ला वाचला.

"न्हाई," सर म्हणाले.

त्याच्यामागून आलेल्या शेषरावाने तर तीन मेंढ्यांवर हात ठेवले.

"देव एक हाय का तीन, ते ठरवून ये आधी," मल्हारी म्हणाला. लोक हसले, आणि मग एकाएकी गप्प झाले.

"दिपाली, काहून थांबलीस? पाणी ठेव अन् बाहेर ये." मेंढ्यांना पाणी घेऊन आत गेलेल्या मुलीला हाक मारताना मल्हारीचा आवाज बदलला होता.

"बिल्ला वाच," जळबाची विधवा बनाबाई म्हणाली.

"माय, लेकरू सोमवारी नांदेडला चाललंय. नर्सिंगला नंबर लागलाय तिचा."

"वाच म्हणते ना."

"चार, चार, एक, सात."

त्र्याहत्तरांत एक, सरांनी हिशेब केला; अशक्य मुळीच नाही. ते वळले. एकोणीस वर्षांची दिपाली घुमत नव्हती. तिचा हात लोकरीत मनगटापर्यंत रुतला होता आणि ती सरांकडे पाहत होती.

"न्हाई," सर म्हणाले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच निरीक्षण खोटे सांगितले.

सोमवारी ते वसमतच्या स्टँडवर तिला निरोप द्यायला गेले. ती बसमध्ये खिडकीशी बसली होती.

"योगायोग असतो, पोरी," ते म्हणाले. "मनावर घेऊ नकोस."

दिपालीने मान किंचित बाजूला वळवली, कोणाचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे तशी.

"आजा म्हणून राहिला, सरला खोटं बोलायची सवय न्हाई. त्यांना लई दिवस झोप लागायची न्हाई."

"कधी म्हणाला?"

"आत्ता."

बस अर्धी रिकामी होती. तरीही तिने शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकून बसली.