अटकलेलं पत्र

"काका, आता फॉरमॅटच मारा लागते," विनोदिनी म्हणाली आणि तिने लॅपटॉपवरून हात काढून घेतले. पडद्यावरचा बाण मधोमध उभा होता, हलायचं नाव नाही.

"मारल्यावर आतलं काय रायते?"

"काईच नाई रायत. डिस्क कोरी होते. मंग चालते नव्यासारखं."

अमृतरावांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. नव्यासारखं कोणाला पाहिजे होतं? त्यांना त्यातलं एक पत्र पाहिजे होतं, बायकोने, कुसुमबाईंनी, सांगितलेलं शेवटचं. अमेरिकेतून पद्मिनी दर रविवारी फोनवर तेच विचारायची, "बाबा, आईचं पत्र निघालं का?" तिला आईच्या शेवटच्या दर्शनालाही येता आलं नव्हतं. निदान पत्र तरी तिच्या हाती पडावं, एवढंच आता अमृतरावांच्या डोक्यात होतं.

चाळीस वर्षं त्यांनी आदिलाबादच्या तहसिलीतली, कोर्टातली, शाळांमधली टाईपरायटरं दुरुस्त केली. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. माणसांचं बोलणं त्यांच्या कानावरून जायचं, पण यंत्रात खुट्ट झालेलं लगेच कळायचं. कुसुमबाई म्हणायच्या, "मी बोलली त आयकू येत नाई, अन् मशीन कुरकुरली त जेवणावरून उठतेत." हे त्या हसत म्हणायच्या. निदान अमृतरावांना तरी ते हसूच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी पद्मिनीने आपला जुना लॅपटॉप आणून दिला, त्यात मराठी अक्षरं टाकून दिली. तेव्हापासून नवाच परिपाठ सुरू झाला. दुपारी कुसुमबाई स्टुलावर बसून तांदूळ निवडता निवडता पत्र सांगायच्या आणि अमृतराव टाईप करायचे. दर दोन-चार शब्दांनी सेव्ह. पत्र पुरं झालं की फ्लॉपीत उतरवायचं, फ्लॉपी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालायची आणि पोस्टात टाकायची. त्यांची बोटं शब्दांमागे बिनचूक धावत. मात्र काय टाईप केलं असं विचारलं असतं, तर त्यांना सांगता आलं नसतं. टायपिस्टाचं असंच असतं, कान ते बोट असा रस्ता पडलेला असतो आणि मन त्या वाटेला जातच नाही.

यंदा दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी पत्राच्या मध्येच लॅपटॉप अटकला. पुढचे पंधरा दिवस अमृतराव त्याच्याशी झटत राहिले. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी कुसुमबाई अंगणात सडा टाकता टाकता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

"एक गोष्ट मले समजून नाई राह्यली काका," विनोदिनी आपली पिशवी आवरत म्हणाली. गावात ती कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची आणि शेजारच्या मावल्याहून रोज सायकलने यायची. "डिस्कवरची एखादी जागा खराब असली त दर टायमाले तिथंच अटकाले पायजे. हे कधी इथं अटकते, कधी तिथं."

ती गेली तरी ते वाक्य अमृतरावांच्या डोक्यातून जाईना. जागा ठरलेली नाही, मग काय ठरलेलं आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेबलावर घड्याळ ठेवलं आणि लॅपटॉप लावला. आधी नीट बंद झालेला नसल्यामुळे तो सुरुवातीला स्वतःचीच तपासणी करत बसायचा, त्यातच वेळ जायचा. सहा मिनिटांनी अटकला. बंद केला, थंड होऊ दिला, पुन्हा लावला. सहाच मिनिटं. पौषातली थंडी होती. आदिलाबादची थंडी हाडात शिरते. त्यांनी लॅपटॉप उचलून ओसरीत नेला, तासभर वाऱ्यावर ठेवला आणि स्वतः कानटोपी घालून शेजारी बसले. आता तो दहा मिनिटं चालला. पत्रांची यादी उघडली. सगळ्यात खाली दसऱ्यानंतरची तारीख दिसली. त्यांनी त्यावर बाण नेला, आणि अटकला.

पण अमृतरावांचा चेहरा उजळला. म्हणजे दोष पत्रात नव्हता. गरम झालं की अटकत होतं. जे गरम होतं त्याला हवा लागते, हे तर कोणताही मेकॅनिक सांगेल.

पंखा त्यांनी आधीच दोनदा साफ केला होता. आता त्यांनी पेचकसाचं टोक लॅपटॉपच्या कुशीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डिस्क फिरत होती, पण मधूनच दम लागल्यासारखी खरखरायची. त्यांनी लॅपटॉप बंद केला, कुशीतला स्क्रू काढला आणि डिस्क बाहेर ओढली. पत्त्यांच्या कॅटाएवढी ती डबी त्यांनी उजेडात धरली.

वर हळदीकुंकवाचं बोट होतं.

अमृतरावांना सगळं आठवलं. दसऱ्याला पाटावर पेचकस, पकडी, तेलाची बुधली मांडली होती. कुसुमबाईंनी विचारलं, "पद्मिनीची पत्रं यात कुठं रायतेत?" त्यांनी डिस्क काढून दाखवली, तशी बाई म्हणाल्या, "मंग पूजा हिचीच करा लागते." डबीवर एक बारीक भोक होतं. कपाळाची जागा हीच, असं समजून कुसुमबाईंनी ओलं बोट नेमकं तिथे टेकवलं. पूजेचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं नसतं, म्हणून अमृतरावांनी डिस्क तशीच आत सरकवली. भोकाशेजारी इंग्रजीत बारीक अक्षरं होती. ती त्यांनी आज, साडेतीन महिन्यांनी, भिंग लावून वाचली. हवेचं हे भोक झाकू नये, असं लिहिलं होतं.

कुंकू वाळून खडखडीत झालं होतं. कडेला बोटावरच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या. घरात कुसुमबाईंची लुगडी होती, चष्मा होता, पण त्यांच्या हाताची अशी खूण दुसरी कुठेच नव्हती. अमृतराव कितीतरी वेळ ती डबी तळहातावर घेऊन बसले. पुसावं तर ही जाते, न पुसावं तर पत्र जातं. इतकं एकटं त्यांना दिवसकार्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

शेवटी त्यांनी टाईपरायटरच्या अक्षरांची पोटं साफ करायची टाचणी घेतली. खाली कागद धरला, डबी पालथी केली आणि एकेक कण खरवडून काढला. भोक मोकळं झालं. कागदावर चिमूटभर लाल भुकटी जमली. ती त्यांनी कुसुमबाईंच्या करंड्यात ओतली आणि झाकण लावलं.

डिस्क बसवून त्यांनी लॅपटॉप लावला. सहा मिनिटं झाली. दहा झाली. पंधराव्या मिनिटाला त्यांनी पत्र उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः टाईप केलेलं वाचलं.

"चि. पद्मिनीस, आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. दसरा झाला. तुह्या डब्बीले पण कुंकू लावलं. आता एक गोष्ट सांगते ते नीट वाच. तुह्या बाबाले तोंडानं सांगतलं त आयकू येत नाई, म्हणून पत्रात सांगून राह्यली. टाईप करताना तरी आयकतीन. गेले आठ दिवस झाले, पाणी भरताना माह्या छातीत कळ येते. डाव्या हातात पण येते. तू त्यायले सांग का मले"

पुढे काही नव्हतं. तिथेच अटकलं होतं.

ती दुपार त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. कुसुमबाई बोलत होत्या, बोटं चालत होती, आणि पडदा थांबला. "थांब, अटकलं," ते म्हणाले होते. "काऊन, काय झालं?" कुसुमबाईंनी विचारलं होतं. "थांब म्हणलं ना." त्या थोडा वेळ सूप मांडीवर घेऊन बसल्या आणि मग आत गेल्या. पंधरा दिवसांत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. अमृतरावांनीही विचारलं नाही, कारण ते मशीन दुरुस्त करत होते.

त्या कळेच्या ओळी पुसून पत्र पाठवता आलं असतं. एक बटण दाबायचं होतं, पद्मिनीला कधी कळलं नसतं. अमृतरावांचा हात त्या बटणाला लागला नाही. त्यांनी आहे तसं पत्र फ्लॉपीत उतरवलं, दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलं, वर दोरा बांधला आणि लिफाफ्यावर पद्मिनीचा पत्ता लिहिला.

लॅपटॉप चालूच होता. अर्धा तास होऊन गेला तरी अटकला नाही. "मले" या शब्दापुढे उभी रेघ लुकलुकत होती.

अमृतरावांनी रिकामं स्टूल जवळ ओढलं. चष्मा पुसला. दोन्ही हातांची बोटं अक्षरांवर ठेवली.

"सांग," ते म्हणाले. "आता आयकून राह्यलो."