देहायने सुधारलेला किडा

देहाय माझा धाकटा दीर. आमच्या निंगचेंगच्या टेकड्यांत दगड फोडला की काही ना काही निघतं, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगडात उमटलेला मासा नाहीतर पंख. त्यामुळे दगड फोडणारे घरोघरी आहेत. पण इतका दीडशहाणा एकच.

एकदा त्याला एका लादीत गिंको झाडाचं फाटे फुटलेलं पान सापडलं. पानाला कोण विचारतो म्हणून त्याने ती लादी खुराड्यावर टाकून दिली. त्याच्या बायकोने, गुइझीने, ती पुसून उन्हात धरली.

"अहो, हे पान नाही. याला पाय आहेत. चार फाटे म्हणजे पंख आणि मधला फाटा म्हणजे पोट. पानासारखा दिसणारा किडा आहे हा."

संध्याकाळपर्यंत हा शोध देहायचा झाला होता. आता शहरातलं संग्रहालय या किड्याला माझं नाव देणार, असं तो गावभर सांगत सुटला. चालही बदलली, हात पाठीमागे बांधून फिरायला लागला.

मग त्याला किड्याचं पोट आवडेना. "असला मरतुकडा किडा माझ्या नावाचा? लोक हसतील." त्याने सुईने ते पोट खरवडून काढलं आणि दुसऱ्या दगडातलं चतुर किड्याचं जाडजूड पोट डिंकाने चिकटवलं. गुइझी अडवायला गेली, तर म्हणाला, "तुला यातलं काय कळतं? वांगी चिर."

मग लादी घेऊन तो शहरात गेला. संग्रहालयात असे दगड तपासणाऱ्या शेनबाईंनी भिंगातून बघितलं, ओला कापूस फिरवला. पोट सुटून त्यांच्या हातात आलं.

"इथे आधी काय होतं?"

"पुसटसं काहीतरी होतं."

"कुठे आहे ते?"

"भुगा झाला. फुंकून टाकला."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "असे पंख मी आजवर पाहिले नव्हते. पण पोटाशिवाय याची जात ठरवता येत नाही. नाव देता येणार नाही."

"मग नुसत्या पंखांना द्या," देहाय म्हणाला. तेही अगदी गंभीरपणे.

लादी तिथेच सोडून तो घरी आला आणि म्हणाला, शहरातली माणसं जळतात. जेवला मात्र पोटभर.

पुढच्या आठवड्यात गुइझी मला घेऊन संग्रहालयात गेली. शेनबाईंनी ती लादी ठेवलेला खण उघडून दिला. ती त्या पंखांकडे बघत उभी राहिली, डोळे न पुसता.

परतताना बसमध्ये म्हणाली, "जाऊबाई, उद्यापासून मी टेकडीवर दगड फोडायला एकटी जाणार. यांना सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हटलं. सांगून तरी त्याला काय कळणार होतं?