शेवटच्या चारीचं नाव

एकोणीसशे बहात्तर साली दिवाळी नावालाच झाली. पाऊस पडला नव्हता, विहिरींनी तळ दाखवले होते आणि नगर जिल्ह्यातली माणसं रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडत होती. त्याच वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, पुण्यातल्या एका गार खोलीत मी असं काही ऐकलं, की आजही ते आठवलं की माझ्या कडा थरथरतात.

मित्रांनो, मी कार्डांची जुनी चवड आहे. आजीच्या दुरडीत भाकरीची चवड असते ना, एकावर एक रचलेली, तशीच. फक्त माझ्यात भाकरींऐवजी जाड कागदाची लांबट कार्डं आहेत आणि प्रत्येक कार्डाला बारीक चौकोनी भोकं पाडलेली आहेत. ती भोकं म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञा. त्या काळी संगणक खोलीभर मोठा असे आणि त्याला माणसाची भाषा येत नसे. त्याच्याशी बोलायचं तर माझ्यासारखी चवड लागे.

माझा जन्म नगरमधल्या, कालव्याचं पाणी वाटणाऱ्या एका कचेरीत झाला. रंगनाथ साहेब नावाच्या तरुण इंजिनिअरनं मला कागदावर लिहून काढलं. कालव्याला फाटे असतात, त्यांना चारी म्हणतात. प्रत्येक चारीवर पाणी सोडायला आणि बंद करायला एक पाटकरी असतो. कुठल्या चारीला किती वेळ पाणी द्यायचं, हा हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा होता. साहेबांनी प्रत्येक चारीच्या हिशेबाची एकेक छोटी चवड केली आणि तिला तिथल्या पाटकऱ्याचं नाव दिलं. छगन, बन्सी, पीरमहंमद. इंग्रजी सहाच अक्षरं बसायची, म्हणून पीरमहंमदचा नुसता पीर झाला. "सरकारनं मला जित्तेपणीच पीर केलं, आता चादर तेवढी चढवा," असं तो सांगत हिंडायचा.

मी मोठी चवड. मी एकेका छोट्या चवडीला तिच्या नावानं हाक मारायची आणि तिनं ओ द्यायची. हाक आणि ओ यांची गाठ घालून देणं हे संगणकाचं काम. नाव जुळलं की चारीचा हिशेब होई. नाव नाही जुळलं तर सगळंच ठप्प.

मला भोकं पाडली ती पुष्पावतीनं. मॅट्रिक झालेली, हाताची चलाख. ती आठवडाभर नगरला खोली घेऊन राहायची. शनिवारी एसटीनं गावी जायची, शनिशिंगणापूरच्या पलीकडं, कालव्याच्या अगदी शेवटी. तिचा छोटा कानिफ तिथं सासूबाईंजवळ, गोजरबाईंजवळ असे. आणि त्या शेवटच्या चारीवरचा पाटकरी बन्सी हा तिचा नवरा.

कचेरीत रीत अशी होती, की कार्ड पाडलं की पाडणारीनं त्यावरचं मोठ्यांदा वाचायचं आणि शेजारणीनं साहेबांच्या कागदावर खूण करायची. शेजारी रतनबाई बसायची. सगळं सुरळीत चाललं होतं. एका कार्डाशी येऊन पुष्पावतीचे हात थांबले.

"काय झालं गं?" रतनबाईनं विचारलं.

पुष्पावतीनं कागदावर बोट ठेवलं. रतनबाई वाकून बघते आणि पदरात तोंड घालून हसते.

"आता गं बया. साहेबांनी तुझ्या धन्यालाच कामाला लावलंय. घे नाव."

"मी न्हाई घेत. लग्नात घेतलं त्येवढंच."

"मग पोराचं घाल. गावात तरी त्यास्नी कानिफचा बापच म्हंतेस न्हवं? दोन्हीकडं तेच घाल म्हंजे झालं. यंत्राला काय कळतंय, कोन बाप न कोन ल्योक."

पुष्पावतीनं तसं केलं. माझ्यातल्या हाकेत कानिफ आणि छोट्या चवडीवरही कानिफ. रतनबाईनं खूण केली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शेवटी पुष्पावतीनं माझ्या कडेवरून निळ्या पेन्सिलीची एक तिरकी रेघ ओढली. एखादं कार्ड इकडचं तिकडं झालं, तर ती रेघ तुटलेली दिसते.

मी मुंबईच्या यंत्रावर चालले. पहिल्याच खेपेला, छोट्या चवडींसकट, न अडखळता. साहेबांनी पेढे वाटले. मला कापडात बांधून कपाटात ठेवलं जाई आणि पाणी सोडायच्या आधी मुंबईला नेलं जाई. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग दुष्काळ आला. धरणात उरलं होतं ते पाणी जनावरांना आणि पिण्याला वाटायचं ठरलं. नेमकं त्याच वेळी मुंबईच्या यंत्रावर आमच्या कचेरीला वेळ मिळेना. पुण्याला दुसऱ्या कंपनीचं एक यंत्र होतं, तिथं जायचं ठरलं. ते यंत्र लहान होतं, त्याला सगळं एकदम पेलत नसे. म्हणून साहेबांनी छोट्या चवडींचे आपल्या हातचे मूळ कागद आधीच पुण्याला पाठवले आणि तिथल्या लोकांनी त्या नव्यानं पाडून यंत्राच्या खणात ठेवल्या. ही गोष्ट पुष्पावतीला कुणी सांगितली नाही. नगरहून फक्त मी निघाले. एखादं कार्ड फाटलं तर हाताशी कुणी असावं म्हणून साहेबांनी तिलाही बरोबर घेतलं. एसटीत तिनं मला वाटभर मांडीवर धरलं होतं.

पुण्याचं यंत्र गनीभाई सांभाळायचे. मूळचे भिंगारचे. नगरची माणसं आलेली पाहून त्यांना कोण आनंद झाला. पण मला यंत्रात घातलं आणि पहिला धक्का बसला. त्या यंत्रानं माझं एकही वाक्य धड वाचलं नाही. कंस, अधिक, बरोबर ही चिन्हं मुंबईच्या यंत्राला एका तऱ्हेच्या भोकांनी कळायची, याला दुसऱ्या. चुकांचा कागद घडीवर घडी पडत जमिनीवर साचला. मी कुणाला न कळणारी बडबड करतेय, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"घाबरू नका," गनीभाई म्हणाले. "ही जुन्या वळणाची हाय, एवढंच यंत्राला सांगायचं." त्यांनी माझ्यापुढं एक नवं कार्ड लावलं. त्यानंतर मात्र यंत्रानं माझं ओळ न् ओळ वाचलं. साहेबांनी घाम पुसला.

बारा वाजता यंत्रावर दुसऱ्या खात्याची पाळी होती. संध्याकाळपर्यंत आमचे आकडे तारेनं धरणावर पोचायचे होते, कारण पाणी सकाळी सुटणार होतं. आता उरलं होतं ते फक्त हाक आणि ओ जुळवणं.

यंत्र थांबलं. गनीभाईंनी कागद फाडला आणि मोठ्यांदा वाचला.

"कानिफ. सापडत न्हाई."

मित्रांनो, पुष्पावती मटकन खाली बसली. घरी पोर सोडून आलेली बाई ती, वर्ष दुष्काळाचं, विहिरी उघड्या पडलेल्या. परक्या गावात, परक्या माणसाच्या तोंडून तिनं आपल्या लेकाचं नाव ऐकलं, आणि पुढं 'सापडत नाही' असं ऐकलं. गनीभाई पाण्याचा गडू घेऊन धावले.

"बाई, काय झालं? मशिनीचं बोलनं हाय ते."

"कानिफ कोण?" साहेब कपाळाला आठ्या घालून कागद पाहत होते. "आपल्याकडं या नावाचा पाटकरीच नाही. दुसऱ्या कुणाच्या चवडीतलं कार्ड यात मिसळलंय."

त्यांनी मला टेबलावर उभी केली. माझ्या कडेवरची निळी रेघ पाहिली. ती कुठंच तुटलेली नव्हती. त्यांना नवल वाटलं, पण घड्याळाकडं बघून ते म्हणाले, "मुळातच चुकीचं पडलं असेल. काढून टाका ते कार्ड. नसलेल्या माणसाला हाक कशाला मारायची?"

आता मला दुसरा धक्का बसला, आणि तो पहिल्याहून मोठा होता. कारण मला ठाऊक होतं, ते कार्ड काढलं की यंत्र कुरकुर करणार नव्हतं. ते खुशाल चालणार होतं. सगळ्या चारींचे तास छापून येणार होते आणि शेवटच्या चारीपुढं नुसतं शून्य पडणार होतं. सकाळी पाणी सुटलं असतं आणि पुष्पावतीच्या गावाच्या शिवेवर पोचायच्या आत वाटेतच संपलं असतं. आणि मला बोलता येत नव्हतं.

साहेबांनी दोन बोटांनी ते कार्ड अर्धं वर ओढलंसुद्धा.

"ऱ्हाऊ द्या साहेब," पुष्पावती म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "त्ये काढू नका. त्येच्यावरचं नाव बदलायचंय."

"बदलून काय घालायचं?"

"खरं हाय त्ये."

"खरं म्हणजे काय?"

"कानिफच्या वडलांचं."

"अहो बाई, त्यांना मी कसा ओळखणार? त्यांचं नाव सांगा."

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली. साहेबांचा पारा चढत होता. गनीभाईंनी मात्र खाली मान घातली आणि ते हसले.

"साहेब, बाई मालकाचं नाव घेत न्हाईत. आमच्या घरातबी तेच. मुबारकबीला इचारा माजं नाव, म्हनंल, 'वो मशीनवाले.' बाई, चारी कंची तेवढं सांगा."

"शेवटची."

"शेवटच्या चारीवर बन्सी आहे," साहेब म्हणाले, आणि मग त्यांचा हात तसाच हवेत राहिला. ते कार्डाकडं बघतात, तिच्याकडं बघतात. "तो तुमचा…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "अहो, मी ती चारी पुसायला निघालो होतो."

त्यांनी ते कार्ड बाहेर काढून पुष्पावतीच्या हातात ठेवलं.

भोकं पाडायचं यंत्र कोपऱ्यातच होतं. पुष्पावती त्यापुढं बसली. एवढी चलाख बाई, पण एकेक कळ दाबायला तिला वेळ लागला. कार्ड बाहेर आलं. रीतीप्रमाणं आता ते मोठ्यांदा वाचायचं होतं.

"द्या इकडं, मी वाचतो," गनीभाई म्हणाले.

"नको भाऊ. माज्या न वाचन्यानंच झालंय हे."

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, सासऱ्यासमोर घेतात तसा. कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि वाचलं.

"बन्सी."

उखाणा नाही, आडवळण नाही. नुसतं नाव. साहेबांनी कागदावर खूण केली, पण मान वर केली नाही.

ते कार्ड माझ्यात बसलं आणि मी पुन्हा यंत्रात गेले. मी हाक मारली. खणातल्या त्या अनोळखी छोट्या चवडीनं, जी पुष्पावतीनं कधी पाहिलीही नव्हती, ओ दिली. कागदावर एकापाठोपाठ एक चाऱ्या उमटल्या आणि सगळ्यांत खाली, शेवटच्या चारीपुढं, तास उमटले. फार नव्हते. जनावरं वाचतील इतके होते.

बाराला तेव्हा थोडा वेळ उरला होता. गनीभाईंनी चहा मागवला.

त्या पाळीचं पाणी गावात पोचलं. पुण्यात काय घडलं ते कचेरीत ऐकून पीरमहंमदनं बन्सीला सांगितलं, तिखटमीठ लावून. शनिवारी ती घरी गेली, तेव्हा तो ओसरीवर बसला होता. तो म्हणाला, "पुन्यात घेतलंस म्हनं. मंग हितं घे की येकदा." तिनं त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि आत निघून गेली. हे सोमवारी तिनं रतनबाईला सांगितलं, तेव्हा मी टेबलावरच होते.

पुढं नवी यंत्रं आली आणि कार्डांचे दिवस सरले. माझ्या कोऱ्या भगिनींच्या पाठीवर मुलांनी पाढे लिहिले, कुणी त्यांनी चुली पेटवल्या. मीही रद्दीतच जायची. पण पुष्पावती निवृत्त झाली, तेव्हा साहेबांनी मला तिच्या हवाली केलं. तेव्हापासून मी तिच्या ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगेनच, कारण मी स्वतः जुनी आहे. पण आणखी एक सांगते. एखादी गोष्ट अडली आणि तिच्यातलं काहीतरी काढून टाकल्यावर ती चालू लागली, तर लगेच टाळ्या पिटू नका. काढलं ते कुणाचं होतं, एवढं विचारा. कालव्याच्या टोकाला कुणीतरी उभं असतं.

रंगनाथ साहेब मोठ्या हुद्द्याला पोचले आणि नाशिकला घर बांधून राहिले. नव्या पोरांना ते ही गोष्ट सांगायचे, पण कार्ड ओढणारा हात आपला होता, हे पहिल्यांदा सांगायचे. गनीभाईंची यंत्राची खोली बंद झाली, त्यांनी भिंगारला रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं. मुबारकबीनं त्यांचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. रतनबाई शिर्डीला मुलीकडं राहायला गेली, तिथं त्यांचं हारफुलांचं दुकान आहे. पीरमहंमद ज्या साली गेला, त्या साली कालव्याला भरपूर पाणी होतं. गोजरबाई नव्वदी ओलांडून गेल्या. कानिफ नेवाशाला शिक्षक झाला.

बन्सी पाटावरच गेला, फावडं हातात असताना. ग्रामपंचायतीत नोंद करायला कानिफ आईला घेऊन गेला होता. ग्रामसेवकानं विचारलं, "मयताचं नाव?" कानिफ सांगणार, इतक्यात पुष्पावतीनं त्याला हातानं मागं सारलं, पदर नीट केला आणि स्वतः सांगितलं.