गोजरबाईंचा मौनाचा सोमवार

वालूरच्या गोजरबाईंचं सोमवारी मौन असे. सकाळी महादेवाला बेल वाहिला की संध्याकाळी दिवा लावीपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. महादेवानं इतक्या वर्षांत कधी परीक्षा पाहिली नव्हती. नेमकी या सोमवारी पाहिली.

दुपारी दारात गाडी थांबली आणि राजेश्री उतरली. गोजरबाईंच्या बहिणीची लेक. आईमागं त्यांनीच वाढवलेली, आणि आता मानाचे पुरस्कार घेतलेली सिनेमातली मोठी नटी. चारठाण्याच्या जुन्या देवळात तिचं शूटिंग चाललं होतं. ठरलेली सोयरीक मोडून ती नाटकात गेली, तेव्हा गोजरबाई म्हणाल्या होत्या, "पुन्हा तुह्यासंगं बोलले तर नावाची गोजर न्हाई."

"मावशे, आले मी."

गोजरबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ओठ मात्र मिटलेलेच.

"मौन हाय तिचं आज," शेजारची चतुराबाई म्हणाली. "सोमवार न्हाई का."

"मी होते तवा कुठं होतं मौन?" राजेश्री हिरमुसली. "अजून राग हाय तिचा. राहू द्या. दिवेलागणीचा सीन हाय, निघते मी."

ती वळली तशी गोजरबाईंनी तिचा हात धरला. इकडंतिकडं पाहिलं, ओट्यावरचं टोपलं उचललं, डोक्यावर घेऊन ठसक्यात चार पावलं टाकली आणि ते दणकन चतुराबाईच्या पाठीत घातलं.

"मला काऊन मारायलीस गं?"

राजेश्री थबकली. "हा तर माझा सीन हाय. वाळूवाली ठेकेदाराला मारती तो."

गोजरबाईंनी मान डोलावली आणि डोळे मिटून भिंत चाचपत निघाल्या. तोवर दारात बाया जमल्या होत्या.

"आंधळी सून," एकीनं ओळखलं.

मग गोजरबाई मरायला लागल्या. अंगणभर लोळून, निवांत मेल्या. मधेच उठून पदर सारखा केला आणि पुन्हा मेल्या.

"ही विहिरीवाली."

"न्हाई गं, साप चावलेली."

राजेश्री हसून हसून खाली बसली. "समदे पाह्यलेस तू माझे सिनेमे?"

गोजरबाईंनी मेल्या मेल्याच मान हलवली.

बाहेर हॉर्न वाजला. गोजरबाई ताडकन उठल्या, निरांजन, वात, तेलाची बाटली आणि धपाट्यांचा डबा घेतला आणि राजेश्रीच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

चारठाण्याच्या देवळात डायरेक्टरनं सगळ्यांना गप्प केलं. कॅमेरा सुरू झाला. राजेश्री खांबाला टेकून हुंदके द्यायला लागली. तिकडं दिवस मावळला. गोजरबाईंनी कोनाड्यात निरांजन लावलं, हात जोडले आणि मौन सोडलं.

"राजे, रडायलीस लय छान. पण आदी दोन घास खाऊन घे."

राजेश्रीला रडता रडता हसू फुटलं. सीन तसाच टाकून ती धावत आली आणि मावशीच्या गळ्यात पडली. "बोललीस की गं. आता तुझं नाव काय ठेवायचं?"

"ठेव कायबी. आदी खा."

डायरेक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, "आजी, जरा गप्प बसता का?"

"बसते की," गोजरबाई डबा उघडत हळूच म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी."