बिनरिव्हर्सची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. निदान पत्र्याने तरी आहे. पोटात जे आहे ते माझं नाही, एका फटफटीचं आहे. ते तिथे कसं आलं याचीच ही हकिगत. तुम्हाला निबंधात उपयोगी पडेल. पण दहापैकी सातच्या वर मार्क मिळणार नाहीत, कारण शेवट बाईंना आवडणार नाही.

माझा जन्म कुर्ल्याच्या कारखान्यात झाला. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावावा लागे. ठाण्याच्या भाऊंनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. मी वर्तकनगरात पोहोचले तेव्हा त्यांचा सलिल रांगत होता. पहिल्याच रविवारी भाऊंनी मला खडवलीला नदीवर नेलं. शेजारी हेमाताई, त्यांच्या मांडीवर सलिल. सलिलने वाटेत माझ्या सीटवर दूध ओकलं. माझ्यावर त्याने केलेला तो पहिला प्रयोग.

सकाळी मी थंड असले की चोकची मूठ बाहेर ओढल्याशिवाय चालू होत नसे. ती मूठ हेमाताईंच्या बाजूला होती, म्हणून ते काम त्यांचं. भाऊ किल्ली फिरवायचे आणि विचारायचे, "ओढलास का?"

"ओढला."

"जरा तापू दे."

तापायला दोन मिनिटं लागत. तेवढ्यात त्यांचं एखादं भांडण उरकून जाई. माझं इंजिन बेताचं बोलायचं, त्यामुळे उरलेलं भांडण रस्त्यात करता येई. दर रविवारी भाऊ आणि कळव्याचा धाकू मेकॅनिक माझं बॉनेट उघडून डोकं आत घालत. बिघाड नसला तरी घालत. मला बरं वाटायचं. विचारपूस कोणाला नको असते?

वर्षं गेली. सलिल मोठा साहेब झाला, डोंबिवलीला टॉवरमध्ये राहायला गेला. मी पिंपंच्या पिंपं तेल प्यायले, तेवढंच सांडलं, आणि गेल्या वर्षी माझं इंजिन जाम झालं.

भाऊंना तेव्हा ऐंशी संपून एक्याऐंशीवं लागलेलं. लायसन्स मार्गशीर्षात संपणार होतं. त्यांनी धाकूला सांगितलं, "पुन्हा काढणार नाही मी. पण संपायच्या आत हिला एकदा खडवलीला न्यायचं आहे." हिला म्हणजे हेमाताईंना की मला, हे धाकूने विचारलं नाही. दोघींनाही, असं मी धरून चालले.

त्याच महिन्यात भाऊंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. घरच्यांनी डोंबिवलीत हॉल घेतला होता. सलिलने ठरवलं, वडिलांना मी चालू स्थितीत भेट द्यायची. मला रंगाला नेतोय असं सांगून त्याने मला टो करून कळव्याला आणलं.

धाकूने इंजिन उतरवून पाहिलं. "ब्लॉक चांगला हाय. बोअर करतो, पिस्टन शोधतो. तीन महिने द्या."

"तीन महिने? धाकू, कार्यक्रम चोवीस तारखेला आहे. हॉल बुक झालाय!"

"हॉल पुढे ढकला."

"चंद्र ढकलू का?"

सलिलच्या मित्राची परदेशी मोटारसायकल अपघातात गेली होती. इंजिन तेवढं शाबूत होतं. सलिलने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा देशात एका माणसाने असल्याच छोट्या मोटारीत फटफटीचं इंजिन बसवलं होतं आणि मोटार माकडासारखी उड्या मारत होती.

धाकू म्हणाला, "सायेब, बाईकच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो. वेगळा बसवायला अजून महिना लागंल."

"नको. भाऊंना मागे कुठे जायचंय आता?"

"भाऊंना इचारलंत?"

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

धाकू गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा मला अजून राग आहे. पन्नास वर्षं माझ्या पोटातून बोललेलं इंजिन भंगारच्या टेम्पोत चढलं. स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी गेली, तिच्या जागी खाली एक खटका आला. चोकची मूठ तेवढी राहू दिली. सलिल म्हणाला, "दिसायला छान आहे." तिची तार कुठेच जोडलेली नव्हती.

चोवीस तारखेला मला झेंडूच्या माळा घालून हॉलच्या दारात उभं केलं. सलिलने जुनं आणि नवं यांच्या संगमावर वीस मिनिटं भाषण केलं. मग भाऊंना आत बसवून किल्ली दिली. भाऊंनी ती फिरवली. मित्रांनो, मी किंचाळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मोबाइल वर धरले. भाऊ मात्र मान तिरकी करून ऐकत राहिले. गर्दीत ओळखीचा माणूस शोधावा तसे.

"हिचं इंजिन कुठाय रे?"

"गेलं भाऊ! आता दुप्पट ताकद आहे हिच्यात!"

"गेलं म्हणजे कुठे गेलं?"

"भंगारात. अहो, जामच होतं ते."

फोटोग्राफर म्हणाला, "काका, इकडे बघा, स्माइल." भाऊंनी इकडे बघितलं. तो फोटो आता सलिलच्या दिवाणखान्यात आहे. सगळे म्हणतात, किती खूश दिसतायत.

लायसन्सचे चार दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमाताई डब्यात थालीपीठं घेऊन शेजारी बसल्या. सवयीने त्यांनी चोक ओढला. मूठ अख्खी हातात आली.

"अहो, हे बघा काय झालं."

"राहू दे. ठेव पर्समध्ये."

ठाण्याहून कल्याण, कल्याणहून खडवली. हळू चालवलं की मी बंद पडायचे, वेगात नेलं की किंचाळायचे. हेमाताईंनी पदर कानावर दाबून धरला. भाऊ काहीतरी म्हणाले, त्या म्हणाल्या, "काय?" ते पुन्हा म्हणाले, त्या पुन्हा म्हणाल्या, "काय?" मग भाऊंनी नाद सोडला. पन्नास वर्षांत माझ्यात बसून त्यांना भांडता आलं नाही असा तो पहिला दिवस.

नदीकडे जाणारा शेवटचा रस्ता अरुंद आहे. पाणी शे-दोनशे पावलांवर असताना समोरून मांडवाच्या बांबूंनी भरलेला टेम्पो आला.

"काका, जरा मागे घ्या ना!"

भाऊंचा हात स्टिअरिंगजवळ गेला, जुन्या दांडीच्या जागी. तिथे हवा होती. हात हवेतच थोडा वेळ थांबला, मग खाली आला.

ते उतरले. "हेमा, तू स्टिअरिंग धर. सरळ ठेव."

आणि त्या माणसाने, हजार चंद्र पाहिलेल्या माणसाने, दोन्ही तळवे माझ्या बॉनेटवर ठेवले आणि ढकलायला लागला. मी हलले नाही. मला हलायचं होतं, मित्रांनो. पण ढकललेल्या मोटारीच्या मर्जीला कोण विचारतो?

टेम्पोवाला हसत खाली आला. "काय काका, गिअरबॉक्स गेला काय?"

"गेला नाही. मुलाने नवीन बसवलाय."

टेम्पोवाल्याचं हसू गेलं. धुण्याचं घमेलं डोक्यावर घेऊन नदीवरून येणाऱ्या एका बाईने घमेलं खाली ठेवलं आणि तीही जोर लावायला आली. "बाबा, तुम्ही व्हा बाजूला. छातीत भरंल." भाऊ बाजूला झाले. टेम्पोतली दोन पोरंही उतरली, आणि चौघांनी मला उलटं ढकलत फाट्यापर्यंत नेलं. टेम्पो निघून गेला, रस्ता मोकळा झाला. पण नदीशी तो रस्ता संपतो, तिथून परत यायचं तर मागे घ्यावंच लागतं. आणि हेमाताईंचे गुडघे तेवढं चालणारे नव्हते. थालीपीठं फाट्यावरच खाल्ली.

"पाणी दिसलं का हो तुम्हाला?"

"दिसलं की. तुला?"

"मलाही."

दोघंही खोटं बोलत होती. माझ्या काचेतून फक्त बांबू दिसले होते.

परतीच्या वाटेत पेट्रोलला थांबलो तेव्हा सलिलचा फोन आला. "काय भाऊ, पळते की नाही मस्त?"

"पळते," भाऊ म्हणाले. "फक्त पळतेच."

सलिल खूप हसला.

पुढे सलिलने मला आरटीओच्या तपासणीला नेलं तेव्हा कागदावरचा इंजिन नंबर आणि पोटातला नंबर जुळेना. मला रस्त्यावर यायला बंदी झाली. आता मी वर्तकनगरात कॉलनीच्या भिंतीला नाक लावून उभी आहे. बाहेर निघायला मागे यावं लागतं, म्हणजे प्रश्नच मिटला. माझ्यातल्या इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही. तेही बिचारं अपघातात गेलेल्या फटफटीतून आलंय; त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी मी तुम्हाला सांगायचं असतं की जुन्या वस्तूंची काळजी घ्या. सांगत नाही. माझी काळजी खूप घेतली गेली, त्यातूनच हे झालं. तुम्ही एवढंच करा, कोणाचं भलं करायला निघालात तर बॉनेट उघडण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. जुन्यांना बोलायला थोडा वेळ लागतो, तापावं लागतं.

संध्याकाळी पाचला भाऊ आणि हेमाताई खाली येतात. दारं उघडून आपापल्या जागी बसतात. समोर भिंत. हेमाताई पर्समधून मूठ काढतात, तिच्या भोकात बसवतात. भाऊंच्या हातात किल्ली असते. ती ते फिरवत नाहीत.

"ओढलास का?"

"ओढला."

"जरा तापू दे."

मी तापत नाही. पण दोन मिनिटं ती दोघं भांडतात, आणि सगळं स्पष्ट ऐकू येतं.