पिक्चर कसा वाटला

निघताना आईने एवढंच बजावलं होतं, "जावई विचारतील, पिक्चर कसा वाटला. छान होता म्हणायचं. तुझं शहाणपण घरी ठेवून जा."

माझं शहाणपण म्हणजे काय, तर मला पिक्चरबद्दल मतं होती. यावलला व्हिडिओवर लागलेला प्रत्येक पिक्चर मी पाहायचे, रेडिओवर नवं गाणं लागलं की हातातलं काम टाकून ऐकायचे आणि मग कुणी विचारो न विचारो, कसं वाटलं ते सांगत सुटायचे. गल्लीतल्या बायका हसून ऐकायच्या. सासरी कोण ऐकणार होतं? साखरपुडा झाल्यापासून मला हीच एक धास्ती. जन्मभर नुसतं छान होतं, छान होतं म्हणत बसायचं!

लीलाधर जळगावला कंपनीत नोकरीला होते. लग्नाआधी दोघांनी एकदा पिक्चर बघावा असं त्यांच्याच घरून सुचवलं, म्हणून शेवंताकाकूंना सोबत घेऊन मी एसटीने आले. खेळाला अजून वेळ होता. टॉकीजशेजारी व्हिडिओ गेमचं नवं दुकान निघालं होतं, तिथे त्यांनी आम्हाला नेलं. "हा गेम एक नंबर आहे, खेळून बघा," म्हणाले. मी दांडा धरला, पहिलं विमान पाडणार तोच "असं नाही, असं," म्हणत त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि शेवटपर्यंत स्वतःच खेळले. माझं डोकं तिथेच तापलं.

पिक्चर त्यांनी आधी पाहिलेला होता, आणि पुढचं सगळं ते मला आधीच सांगत सुटले. आता हिचा भाऊ येईल. आता हिरो गच्चीवरून उडी मारेल. हे गाणं ऐका, बाजारात कॅसेट मिळत नाहीये. मी इकडे वळून बसले, तिकडे वळून बसले, काकूंचा पदर ओढला. काकू गाढ झोपल्या होत्या. मध्यंतरात लीलाधरांनी वडे आणले. "आवडला ना? आवडणारच," म्हणाले आणि उत्तराला न थांबता पाणी आणायला गेले.

मध्यंतरानंतरचा पिक्चर मी धड पाहिलाच नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडव ठरला होता. मी बोललेलं या माणसाला कधी ऐकू जाणार आहे का, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि तेच कळत नव्हतं. रडू येत होतं आणि रागही येत होता.

स्टँडवर यावलची गाडी लागलेलीच होती. मी खिडकीशी बसले, शेजारी काकू. ते खाली उभे होते.

"मग? मजा आली की नाही?"

"नाही आवडला," मी म्हटलं.

काकूंनी चिमटा काढला. "चूप बस वं बाई! पाव्हन्याले राग येईन."

पण तोंड उघडलं ते उघडलंच. "काहीच नाही आवडलं. गाणीसुद्धा नाही."

मी त्यांच्या सख्ख्या बहिणीला नावं ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली. झालं, मोडलं लग्न, मला वाटलं. आई आता घरात घेणार नाही. पण खरं सांगते, दिवसभरात पहिल्यांदा जिवाला बरं वाटलं.

गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच दारावर धाडधाड थापा पडल्या. कंडक्टर ओरडला, ड्रायव्हरने ब्रेक मारला, आणि लीलाधर धापा टाकत आत चढले. गर्दीतून वाट काढत आमच्या बाकापाशी आले.

"पुढच्या फाट्यावर उतरतो," म्हणाले. "गाणी का नाही आवडली?"

एवढं विचारलं आणि गप्प राहिले. खरंच गप्प राहिले, दांडी धरून, माझ्याकडे बघत.

काकू म्हणाल्या, "सरक वं जरा, पाव्हन्याले बसू दे."

"नको," मी म्हटलं. "उभ्यानंच ऐकू द्या."

आणि पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली. फाटा आला, गेला. मी अजून दुसऱ्याच गाण्यावर होते.