टपालपेटीपर्यंत

वहिनींच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला दोन वर्षं झाली. त्यांच्यावर तेव्हा कर्करोगाचे उपचार चालू होते. ‘भाऊजी, डॉक्टर रोज चाला म्हणतात आणि मुलं पलंगावरून उठू देत नाहीत. महिनाभर येऊन राहाल का? एकटीने चालायची भीती वाटते.’

मी सात खर्डे केले, सातही फाडले. आजारी माणसाला काय लिहावं, तेच कळेना. वहिनी माझ्याशिवाय बऱ्या झाल्या. आता सुनेला फोन करून माझी चौकशी करतात. पत्राचा विषय मात्र कधी काढत नाहीत.

यंदा पाळी माझी आहे. तिसऱ्या केमोनंतर पायांच्या काड्या झाल्या. सून पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यायची आणि मी पुस्तक धरून खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, “पाय असेच गळत गेले तर पुढचा डोस थांबवावा लागेल.” त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंना घरी पाठवलं. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं. घरात त्यांचं नाव पडलं उठबसबाई.

“काका, चालत कुठे जायचंय तुम्हाला?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

कुठेच नाही, असं म्हणायला लाज वाटली. खिडकीतून कोपऱ्यावरची टपालपेटी दिसत होती. “पत्र टाकायला,” मी म्हणालो. त्यांनी ते वहीत लिहूनच घेतलं. सुनेला बजावलं, “पाणी त्यांचं त्यांना घेऊ द्या.”

“नुसतं बघत बसायचं? फार कठीण आहे हो,” सून म्हणाली. पण बसली.

पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंत गेलो. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या वाटेवरच्या कठड्यापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, “उद्या पेटी. पत्र तयार आहे ना?”

“लिहितोय.”

“बाबांचं पत्र!” सून हसली. “दहादा खोडतील आणि टाकायचं राहूनच जाईल.”

त्या दुपारी एकदाच लिहिलं. ‘वहिनी, तुम्ही बोलावलंत आणि मी आलो नाही. तुम्हाला विश्रांती हवी, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे घाबरलो होतो. आता चालायला सोबत मला हवी आहे. याल का?’

दुसऱ्या दिवशी कठड्यापाशी पाय लटपटले. मी टेकलो.

“द्या इकडे, मी टाकून येते,” सून म्हणाली.

“नको.”

श्वास स्थिरावल्यावर हात न टेकता उठलो. पेटीपाशी पोचलो, पाकीट अर्धं आत सरकवलं आणि तिथेच थबकलो. विनंती फारच उघडी झाली का? ‘याल का’ऐवजी ‘जमल्यास’ बरं नव्हतं का?

“बाबा, आता मागे ओढायचं नाही हं.”

मी बोटं सोडली.